अस्वलाचा हात

"मग शिंपीणबाईंना पार्कचे पास द्यायचे आणि घरच्यांना ठेंगा, हा कुठला न्याय?" सासूबाईंचा आवाज भांड्यांच्या खडखडाटावर चढला होता. "जिन्यात थांबवून सांगत होत्या मला. काकू, तुमच्या सुनेमुळे पोरांनी काय मजा केली म्हणून. मी आपली मान डोलावतेय. आपल्या घरात असले पास येतात, हे मला शेजारणीकडून कळायचं."

"पुढच्या वर्षी जाऊच आपण, आई."

"हे तू मागच्या वर्षीही म्हणालीस. त्याच्या मागच्या वर्षीही. माझे गुडघे काय तुझ्या पुढच्या वर्षासाठी थांबणारेत?"

सून कढई घासत राहिली. कढई मघाशीच स्वच्छ झाली होती.

गावाबाहेरच्या मोठ्या थीम पार्कमध्ये ती नोकरीला होती, रोलर कोस्टरच्या दाराशी. तिथे लाकडाचं एक अस्वल उभं होतं, एक हात आडवा धरलेलं. ज्या मुलाचं डोकं त्या हाताला लागेल त्याला आत सोडायचं, जे मूल हाताखालून निघून जाईल त्याला परत पाठवायचं, हे तिचं काम. पार्कात तिला अस्वलवाल्या बाई म्हणत. आईबाप तिच्याशी हुज्जत घालत, आजोबा लाडीगोडी लावत, कुणी पोराचे केस उभे विंचरून आणी, कुणी बुटात वर्तमानपत्र कोंबून. ती कुणालाच बधत नसे. गाडीतला दांडा मांडीवर येऊन बसतो. लहान चणीच्या मुलाच्या मांडीवर तो टेकत नाही, मध्ये फट राहते. कामाला लागली त्या दिवशीच तिनं त्या फटीत आपला हात घालून पाहिला होता, आणि तो सहज आरपार गेला होता. रडणाऱ्या मुलांसाठी तिनं एक वाक्य तयार ठेवलं होतं. खाली वाकून ती सांगे, "अस्वल म्हणतंय, पुढच्या वर्षी ये." मुलं गप्प होत. पुढच्या वर्षी आपण मोठे झालेले असणार, याबद्दल मुलांच्या मनात शंका नसते.

गल्लीतलं कुणी पहिल्यांदा पार्कला जाणार असलं, की आधी तिच्या दारात येई. ती सगळं सांगे. नवे बूट घालू नका. आत शिरल्या शिरल्या जो पाळणा दिसतो तिथे सगळं गाव थांबतं, तुम्ही सरळ टोकाला जा आणि उलटे या. भूक लागायच्या आधीच जेवून घ्या, कारण ती सगळ्यांना एकदमच लागते. पाण्याचे खेळ शेवटी, नाहीतर ओल्या कपड्यांत दिवस काढाल. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा, पण आइस्क्रीमची गाडी ठरवू नका, ती हलते. आणि सगळ्यात शेवटी, जरा आवाज उतरवून: मुलांना घरीच मोजा. कशात बसता येणार नाही ते घरीच सांगून टाका. तिथे दारात रडवू नका.

हा शेवटचा सल्ला तिनं स्वतःच्या घरात कधी दिला नव्हता.

तिची मुलगी अकरा वर्षांची होती. जन्मली तेव्हा मुठीएवढी, म्हणून सगळे तिला बारकी म्हणू लागले, आणि मग ते नाव बदलायचं राहूनच गेलं. धाकटा भाऊ आठ वर्षांचा. दोघं बरोबर निघाली, की अनोळखी माणसं विचारत, जुळी का हो? सासूबाईंना त्याचा राग येई. घरातल्या फोटोंत धाकटा नेहमी कुणाच्या तरी मांडीवर बसलेला असे. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण फोटो काढायची वेळ आली की कुणीतरी त्याला ओढून बसवून घेई.

रांगेच्या शेपटाला उभं असलेलं मूल उंचीत बसेल की नाही, हे या बाईला लांबूनच कळायचं. घरात मात्र तिची नजर दुसरीकडेच जायची. शिंपीणबाई एकदा म्हणाल्या, "फ्रॉकला मागचंच माप चाललं हो." तर ही म्हणाली, "बरं झालं, कापड वाचलं." शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं होतं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे पोरी उशिराच वाढतात. उगाच दवाखान्याचा शिक्का बसला, तर उद्या कोण विचारणार हिला?" नवरा म्हणाला, "वाढेल गं." आणि तिला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं होतं.

नवरा घरं रंगवायचा. बारकी सहा वर्षांची झाल्यापासून स्वयंपाकघराच्या चौकटीवर तो दर वाढदिवसाला मुलांची उंची रेघ मारून लिहायचा, उजवीकडे बारकी, डावीकडे धाकटा. एका वर्षी बारकीची रेघ जुन्या रेघेवरच आली. पोरीचा चेहरा पडला. "थांब, पेन्सिल सरकली," असं म्हणत त्यानं बोटभर वर दुसरी रेघ मारली. पोरगी हसली. तिथूनच ते सुरू झालं. बायकोला ते पहिल्याच वेळी दिसलं होतं, पण पोरगी हसत होती, म्हणून ती काही बोलली नाही. पुढे कधीतरी त्यानं अस्वलाच्या हाताची उंची विचारून घेतली आणि त्याच चौकटीवर लाल रंगाची एक पट्टी ओढली.

आता भांडण ऐकून बारकी धावत येऊन त्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. "आजी, जाऊया ना. मी लाल रेघेच्या वर गेलेय. बघ, बाबांनी लिहिलंय."

रंगारी काडीनं नखांतला रंग काढत बसला होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं कढईकडे पाहिलं.

"जाऊया की," तो म्हणाला.

पार्कला जायच्या दिवशीही तिला पगार बुडवणं परवडणारं नव्हतं, म्हणून ती कामावर गेली आणि घरचे मागून आले. तिचे सगळे सल्ले त्यांनी पाळले. जुने बूट, डबा, टोकाकडून सुरुवात. त्यामुळे गर्दी व्हायच्या आतच ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. सासूबाई नटूनथटून आल्या होत्या. "आमची सून," असं त्यांनी रांगेतल्या दोन बायकांना सांगूनही टाकलं.

धाकटा पुढे झाला. अस्वलाच्या हातानं त्याचे केस चपटे केले. "जा," आई म्हणाली.

मग बारकी आली. ताठ उभी राहिली, हनुवटी वर, श्वास आत ओढून. हात आणि डोकं यांच्यामधून पलीकडची हिरवी भिंत दिसत होती.

"आई?"

"नाही बसता येणार, बाळा."

"पण घरी दारावर मी वर आहे." बारकीनं मागे वळून पाहिलं. तिचा बाप कठड्याला टेकून पार्कचा नकाशा वाचत होता. नकाशा उलटा होता.

गाडी चालवणारा आतून म्हणाला, "बाई, घरचीच आहे ना? मी दांडा घट्ट लावतो."

"घरचीच आहे," ती म्हणाली. "नाही."

"एवढं काय ते," सासूबाई पुटपुटल्या, "बोटभर तर कमी आहे." बोटभर नव्हतं. ते त्यांनाही दिसत होतं. मागची रांग कुजबुजू लागली. बारकी स्वतःच बाजूला झाली आणि अस्वलाच्या पायाशी जाऊन बसली.

धाकटा एकटाच बसून आला. उतरल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काही खास नाही," तो बहिणीला म्हणाला. "पोट दुखतं नुसतं." त्याला यापेक्षा चांगलं खोटं सुचलं नाही.

बाकीचे पुढे गेले. बारकी तिथेच बसून राहिली. आईसमोर मुलं येत होती, काही आत जात होती, काही परत फिरत होती. एक चार-पाच वर्षांचा मुलगा भोकाड पसरून उभा राहिला, तेव्हा आई वाकायच्या आधीच बारकी त्याला म्हणाली, "अस्वल म्हणतंय, पुढच्या वर्षी ये." अगदी आईच्याच सुरात. मुलगा गप्प झाला. डोळे पुसत बापाबरोबर निघून गेला.

मग बारकीनं विचारलं, "तू सगळ्यांना म्हणतेस. मला का नाही म्हणालीस?"

रांग पुढे सरकली होती. आईनं पुढच्या मुलाच्या खांद्याला धरून त्याला सरळ उभं केलं.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा नवरा चौकटीसमोर उकिडवा बसला होता. बाजूला रंगाचा डबा, हातात रंग खरवडायचा पत्रा. "चौकट फार घाण झालीय," तो म्हणाला. "म्हटलं एक हात मारून टाकावा."

"पत्रा ठेवा खाली."

"अगं, तिला रोज बघायला लागेल ते..."

"आधी सांगा. खरी रेघ कुठली? कुठून खोट्या?"

सासूबाई खाटेवर गुडघ्यांना तेल चोळत होत्या. "आता पोरीसमोर काय काढलंय हे?" बारकी कोपऱ्यात बुटांच्या नाड्या सोडत होती. एकच नाडी, किती वेळ.

रंगाऱ्यानं पत्रा खाली ठेवला. मग बोट चौकटीवर नेलं. कुठे थांबायचं हे त्याला शोधावं लागलं नाही. खालून तिसऱ्या रेघेवर त्यानं नख टेकलं. "ही खरी. हिच्या वरची बोटभर. त्याच्या वरची दोन." त्यानं बोट आणखी वर सरकवलं. "शेवटची... शेवटच्या वेळी मी मोजलंच नाही. तिला नुसतं उभं केलं."

तिनं पेन्सिल घेतली, खऱ्या रेघेसमोर एक फुली मारली, आणि बारकीला हाक मारली. बारकी एका बुटानं तशीच आली. आईनं दुसराही बूट काढायला लावला, तिचं डोकं चौकटीला टेकवलं, वर पट्टी आडवी धरली आणि रेघ मारली. ती फुलीच्या जवळच आली. धाकटा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होता.

"चौकटीला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तिथे विचारतील, कधीपासून थांबलीय म्हणून."

"तिथे म्हणजे कुठे?" सासूबाईंनी विचारलं, माहीत असूनही. "आणि उद्या स्थळं बघायची वेळ आली म्हणजे?"

ती हात धुवायला मोरीकडे गेली होती. तिथूनच, पाण्याच्या आवाजावर तिनं सांगितलं,

"उद्या मी कामावर जात नाहीये. बारकीला मोठ्या दवाखान्यात नेतेय."