लोकांची ओळ

वडनेरच्या दंडारीत, गावच्या त्या लोकनाट्यात, बापूराव सोंग घेत ते पुढाऱ्याचं. पक्ष कोणताही असो, बापूरावांनी टोपी तिरकी केली की त्याचं कौतुक सुरू झालंच म्हणून समजा. 'साहेबानं दिवा लावला, साहेबानं रस्ता केला...' इथवर गाऊन ते थांबत, कानामागे हात धरत, आणि समोर बसलेला अख्खा गाव ओरडे, 'त्याच रस्त्यानं, बाप्पा, आमचा कापूस नेला!' ती ओळ बापूरावांनी स्वतः जन्मात म्हटली नाही. ती लोकांची होती.

बापूराव गेले, आणि यंदाच्या निवडणुकीत परतले ते प्रचाराच्या ऑटोवरच्या भोंग्यातून. दिवा लावला, रस्ता केला, मग थोडी शांतता, की पुन्हा पहिल्यापासून. कुणी काही कापलं नव्हतं. कापायला होतंच काय?

त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, घराबाहेर पडायची चोरी झाली. नळावर बाया म्हणत, "बापूराव आखरीले त्यायचेच निघाले ना वं?" ज्यानं कुठल्या पुढाऱ्याचा चहासुद्धा घेतला नाही, त्याला मेल्यावर असं दावणीला बांधावं? वच्छलाबाईंचा जीव तीळतीळ तुटे.

पण छळत होती ती मधली शांतता. आजारपणात मुलानं, प्रफुलनं, हे गाणं मोबाइलवर भरून घेतलं आणि हौसेनं सगळीकडे पाठवलं. तेव्हा बापूरावांनी खाटेवरूनही कानामागे हात धरला होता आणि बायकोकडे पाहिलं होतं. ओळ तिच्या ओठांवर आली होती. पण प्रफुल आधीच म्हणाला होता, "आई, मधात बोलू नको, खराब होते." ती गप्प बसली. बापूराव वाट पाहत राहिले. तेच वाट पाहणं आता गावभर फिरत होतं.

आज ऑटो दारासमोर आला तशा त्या पिठाच्या हातांनी रस्त्यावर आल्या. गाणं थांबलं.

"त्याच रस्त्यानं, बाप्पा, आमचा कापूस नेला!" वच्छलाबाई ओरडल्या. आवाज फाटला.

कुणी हसलं नाही. पानठेल्यावर दंडारीतले जुने ढोलकीवाले पुंडलिकराव बसले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "वयनी, घरात जा. कोनी ऐकन."

"ज्यायनं ऐकाले पायजे होतं ते त गेले, भाऊ."

ऑटो पुढच्या गल्लीत वळला. तिथेही बापूराव गाता गाता थांबले. वच्छलाबाई रस्त्यातच कान देऊन उभ्या राहिल्या. कुणीच काही बोललं नाही.