देवाची उजवी बाजू

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, लेकीला नाही, आणि देवाला — त्याला काय सांगायचं? तो समोरच होता.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. लांज्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी मुकादमीण होते. बायका चटयांवर बसून काजू सोलायच्या आणि मी समोर उंच पाटावर. तिथून मला सगळ्या दिसायच्या — आणि खरं सांगू? सगळ्यांना मी दिसायचे.

मग पुण्याहून नवा मॅनेजर आला. शिकलेला, गोड बोलणारा. म्हणे टेबलं-खुर्च्या आणू, बायकांचे गुडघे वाचतील. म्हणे मुकादमीण नको, दर आठवड्याला नवी गटप्रमुख. आळीपाळीने! मी काय नळाचं पाणी होते? त्यात सोलणाऱ्यांतली शेवंती सगळ्यांसमोर म्हणाली, "काकी, खुर्चीवर तुमचे पाय लोंबकळतील हो!" सगळ्या हसल्या. मी बुटकी आहे, हे खरं.

मालकाने त्याला बजावलं होतं — हंगामाआधी बायकांना राजी कर, नाहीतर घरी जा. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी म्हटलं, "साहेब, आधी ग्रामदेवाचा कौल घ्या." वाटलं, शिकलेला माणूस, चिडेल आणि विषय सोडेल. तर तो म्हणतो, "चला की मावशी!"

गुरवाने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार. उजवी म्हणजे देवाची उजवी — आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. देवाचं तोंड आपल्याकडे, म्हणजे ती आपल्या डाव्या हाताला.

तीच पडली.

"दिलान देवान," म्हणजे देवाने कौल दिला, एवढंच म्हणून गुरव प्रसाद आणायला वळला. मॅनेजरने पाकळीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. हळूच विचारलं, "डावा ना हो, मावशी?"

गप्प राहिले असते तरी — पण मी गप्प कुठे राहिले?

"डावाच," मी म्हटलं.

बायकांनाही तेच सांगितलं. देवच नको म्हणतो म्हटल्यावर कोण राजी होणार? गुरव वाटेत भेटला की विचारायचा, टेबलं आली का? मी सांगायचे, मुंबईहून निघालीत.

हंगाम लागला आणि मालकाने मॅनेजरला काढलं. जाताना बायको, पोर, ट्रंक घेऊन तो माझ्या दारात आला. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "तुम्ही तरी खरं बोललात."

मी "सुखी राहा" म्हटलं. घरात बांगडे तळलेले होते. पोटभर जेवले.