शेळीची सोय

रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आल्या आल्या आई शेजारच्या शांतामावशींना शेळीची धार काढायला शिकवत बसली. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, सांगितलं होतं, जगावर मोठं संकट येण्याआधीच प्रभू विश्वासणाऱ्यांना वर नेईल. मग शेळीकडे कोण बघणार? मावशी तर आमच्या मंडळीतल्या नव्हेत.

"म्हणजे तू वर मजेत, आणि मी खाली संकटात तुझी शेळी सांभाळू?" मावशी म्हणाल्या.

आईला हसू आलं नाही. ती माझ्याकडे वळली. "तू शिकलीस ना? सांग, आपण आधीच जाणार की संकट सोसून जाणार?"

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण गेल्या महिन्यात आलेले पाहुणे पाळक म्हणाले होते, विश्वासणाऱ्यांनाही सगळं सोसावं लागेल. दोघांच्या हातात शास्त्र एकच. मीही ते दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा वेगळं समजलं.

"दोन्ही मतं आहेत," मी म्हटलं. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळाले असते. इथे मात्र दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. सुटका मलाही हवी आहे. पण ज्या मावशींच्या घरी मी निम्मं लहानपण जेवले, त्यांना मागे ठेवून मिळणाऱ्या सुटकेचं मी काय करू, ते मला कळत नाही.

मावशींच्या बोटांनी धार काही निघेना. आईने भांडं स्वतःकडे ओढलं.

"तुला अजून जमत नाही, शांते," ती म्हणाली. "तोवर मी आहे."