धोटा आणि नळी

"आजींची फुंकर तिसऱ्यांदाही खराब आली," आरोग्य पाहणीची मुलगी माझ्या मुलाला म्हणाली. मी समोरच बसले होते, हातात त्यांच्या श्वास मोजायच्या मशीनची नळी. "ज्यांना हे जमत नाही त्यांची आठवणही पुष्कळदा कमी झालेली असते. अशी माणसं पुढे लवकर जातात, असं दिसतं."

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी कधीचा सांगतोय. खोली बंद कर आणि पडघ्याला माझ्याकडे चल."

कामतघरची ती खोली माझी आहे. सुनेच्या घरात पाहुणी होऊन मरायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, "आणखी एकदा."

फुंकर कशी जाते ते बघायला त्या मुलीने कागदाची पट्टी माझ्या ओठांपुढे धरली. मी जोर लावला. पट्टी उडाली नाही, ओठांना चिकटली.

"आजी, तुम्ही फुंकत नाही, ओढताय!"

तेव्हा कळलं. मी तीस वर्षं कापडाच्या लूमवर होते. सुताची कांडी संपली की नवी धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नावेत, घालायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि सूत ओढून बाहेर काढायचं. दिवसभर तेच. भोक समोर आलं की माझं तोंड मला विचारत नाही, ओढतं. सुताबरोबर धूळही ओढली. तिचा खोकला अजून आहे.

"मग सांगायचं ना, हा धोटा न्हाय, चूल हाय म्हणून!"

"मी कुठे चूल फुंकलीय, आजी?" ती हसली.

या वेळी चूल समजूनच फुंकले. ती "आणखी, आणखी, सोडू नका" ओरडत होती. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण फुंकर चांगली आली. पुढच्या दोन्ही चांगल्या आल्या. छाती जरा कमजोर आहे म्हणाली. ते मला माहीत होतं.

मग डोक्याची परीक्षा. पाच शब्द ऐकायचे, मध्ये उलटे आकडे म्हणायचे आणि शब्द परत सांगायचे. मी पाचही सांगितले. मग मुलाला म्हटलं, "आता तू सांग."

त्याला तीन आठवले.

"चल, तुझी खोली बंद करू," मी म्हटलं. तोही हसला. मला हायसं वाटलं. संध्याकाळी तो एकटाच पडघ्याला गेला.

याला चार वर्षं झाली. परवा तीच मुलगी यादी घेऊन आली, कोण गेलं आणि कोण राहिलं ते लिहायला. दार मीच उघडलं. मी जिवंत आहे आणि याच खोलीत राहते.