किरकोळ मंत्रांचे मोठे प्रताप

किस्से जळमटांसारखे असतात. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात हजर. कोणी विणली, कधी विणली, पत्ता नाही. आमच्या रविवारच्या मंडळाच्या कोपऱ्यात तर ती इतकी साचलीत की आता काठी घेऊन उतरवायलाच हवीत.

मंडळ म्हणजे भजनी नव्हे. भजनी असतं तर निदान पुण्य लागलं असतं. आम्ही शिकली-सवरलेली, पोटापाण्याला लागलेली माणसं रविवारी दुपारी टेबलाभोवती बसून जादूगार आणि योद्धे होतो. एक जण मास्टर. तो गोष्ट सांगतो, समोर राक्षस उभे करतो. बाकीचे आपापलं पात्र खेळतात, आणि लढाई जमली की फसली हे फासे ठरवतात. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणजे मास्तर होतोच. म्हणून इथेही मलाच मास्टर केलं. इज्जत दोन्हीकडे सारखीच!

या खेळात मंत्र दोन जातींचे. एक मोठे: आगीचा लोळ सोडणारे, मेलेल्याला उठवणारे. ते मोजूनमापून वापरायचे, कारण लगेच संपतात. दुसरे किरकोळ: मशालीएवढा उजेड, चिमूटभर साफसफाई, कानात कुजबूज. हे फुकट, आणि कितीही वेळा मारा! आता ‘फुकट’ आणि ‘कितीही वेळा’ हे दोन शब्द भल्या माणसाचं काय करतात, ते तुम्ही लग्नाच्या पंगतीत पाहिलंच असेल. माझ्या मंडळाने मोठे मंत्र गंजवले आणि किरकोळांवर संसार केला.

•

आमचा अड्डा ग्वाल्हेरच्या नया बाजारात, गौरी पुराणिकच्या दवाखान्यात. ती दातांची डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद, त्यामुळे वेटिंग रूमचं टेबल आमचं. घर वरच्या मजल्यावर. गौरीची आई, म्हणजे आमच्या काकू, चहा घेऊन खाली येतात. त्यांच्या सासरी पिढ्यानपिढ्या दरबारचं पौरोहित्य होतं, त्यामुळे मंत्र या विषयात काकूंशी वाद घालणं म्हणजे हलवायाला साखर शिकवणं.

पहिल्याच रविवारी त्यांनी जिन्यातून ऐकलं आणि थबकल्या.

“कसला मंत्र म्हणताय रे?”

“उजेडाचा, काकू,” मोहिते म्हणाले. हे मोहिते बँकेत आहेत, अजून सडेफटिंग.

“ऋषी कोण? देवता कोण?”

“तसं काही नसतं यात.”

“जप किती करायचा?”

“जपच नाही! मनात आलं की म्हणायचा. दिवसभर. कितीही वेळा.”

काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला.

“मग तो मंत्र नव्हे, मोहिते. तो खोकला!”

•

मोहित्यांबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा जीव जळेल तेव्हा कारण विचारायला नको. यांचे पूर्वज दक्खनेतून तलवार घेऊन ग्वाल्हेरला आले. हे लोनच्या फाइलींवर सह्या करतात. म्हटलं, खेळात तरी तलवार घ्या, घराण्याचं नाव राखा! तर नाही. “मी जादूगार होणार.” बरं, जादूगार तर जादूगार. मोठमोठे मंत्र याच्या पोतडीत. हा वापरणार काय? उजेड!

हा मंत्र ज्या वस्तूला हात लावून म्हणाल ती वस्तू उजळते. मोहित्यांनी काठी उजळली, जोडे उजळले, एकदा तर गाढव उजळलं.

तर मी एक गुहा रचली होती. आत बागी, म्हणजे आमच्याकडचे दरोडेखोर, झोपलेले. सगळ्यांनी श्वास रोखून, पावलं न वाजवता आत शिरायचं ठरवलं. गौरी कुजबुजली, “कोणी आवाज करू नका.” कोणी केलाही नाही. फक्त ऐन गुहेच्या मधोमध मोहिते म्हणाले, “मला दिसत नाहीये. मी माझी टोपी उजळतो.”

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता मास्टर म्हणून मला न्याय करणं भाग आहे. सगळे बागी जागे झाले, उठून बसले, आणि एका सुरात ओरडले...

“लाइट आली!”

•

टोपीवरून आठवलं. मोहित्यांच्या मनाने घेतलं की खरी जादूगाराची टोपी डोक्यावर असली तर फासेसुद्धा चांगले पडतील. बँकेत व्याजाचा दर ठरवणारा माणूस हा! आणि टोपी घ्यायला गेले कुठे? टोपी बाजारात. नावावर विश्वास ठेवून.

दुकानदार म्हातारा, गादीवर रेललेला. मोहित्यांनी हाताने उंच शंकू करून दाखवला. “जादूगर की टोपी चाहिए.”

“पहननी है कि पहनानी है?”

“पहननी है.”

म्हाताऱ्याने चष्मा वर करून नीट पाहिलं.

“आप तो सामने वाले बैंक में बैठते हैं ना?”

“हाँ.”

“तो फिर पहनने क्यों आए? आप लोग तो पहनाते हैं!”

•

आमचे जोगळेकर फिजिक्सचे क्लास घेतात. त्यांचा लाडका मंत्र ‘अदृश्य हात’. हा हात लांबून हलकी वस्तू उचलतो, कडी काढतो, झाकण उघडतो, बस्स. बाळाच्या हाताएवढी ताकद. पण जोगळेकरांचा विश्वास असा, की हात कमकुवत असला तरी तरफ कमकुवत नसते.

किल्ल्याचा दरवाजा समोर आला. भला मोठा, लोखंडी पट्ट्या मारलेला. गौरी म्हणाली, “मोहिते, तुमच्याकडे दरवाजा उडवायचा मोठा मंत्र आहे ना?” मोहिते म्हणाले, “तो पुढे लागेल.” हे वाक्य त्यांच्या कुळाचं बोधवाक्य म्हणून कोरून ठेवायला हरकत नाही.

जोगळेकरांनी मग प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर आकृती काढली. टेकू इथे, दांडा तिथे, बळ इतकं, घर्षण तितकं. एक पान झालं, दुसरं झालं. घर्षणावरून मोहित्यांशी भांडण झालं. काकू चहाचे कप घेऊन गेल्या आणि पोहे घेऊन आल्या, तरी टेकूची जागा नक्की होईना. शेवटी जोगळेकर विजयी मुद्रेने म्हणाले, “सर, माझा अदृश्य हात दांडा दाबतोय. दरवाजा उघडला की नाही, सांगा!”

“उघडला.”

“बघा! गणित चुकत नाही!”

“जोगळेकर,” मी म्हटलं, “तो लोटलेलाच होता. कडी नव्हती. कोणी ढकलून पाहिलं असतं तर पोहे गरम मिळाले असते.”

•

गौरी त्यातल्या त्यात अकलेची, असं मला वाटायचं. महिनाभर खपून मी एक ड्रॅगन तयार केला. चित्र काढलं, खवले रंगवले, इतिहास लिहिला. म्हटलं, हा आला की सगळ्यांची पाचावर धारण बसेल आणि मोहिते झक मारत मोठा मंत्र काढतील.

ड्रॅगन आला. गरजला. जबडा उघडला.

गौरी खुर्चीत पुढे सरकली. “मास्तर, दात कसे आहेत त्याचे?”

“कसे म्हणजे? भयंकर आहेत!”

“कीड?”

आता हजार वर्षं माणसं खाल्लेला प्राणी, खोटं कसं बोलू? म्हटलं, “असेल.”

“मग मी साफसफाईचा मंत्र मारते. मागच्या दाढेवर.”

हा मंत्र म्हणजे डाग पुसायचा, धूळ झटकायचा. लढाईत त्याचा उपयोग शून्य. किरकोळाला एरवी फासा लागत नाही, पण समोर ड्रॅगन म्हणून मी टाकायला लावला. तिने टाकला आणि नेमका सर्वांत मोठा आकडा! वर मला विचारते, “त्याला बरं वाटलं ना?” नाही कुठल्या तोंडाने म्हणू? माझा महिनाभराचा ड्रॅगन मांजरासारखा डोळे मिटून पडला आणि सगळी मंडळी त्याची शेपटी ओलांडून खजिन्याकडे गेली.

गौरी जाता जाता वळून त्याला म्हणाली, “कडक काही खाऊ नका. अजून दोन सिटिंग लागतील!”

•

मग विलीनीकरणाचे दिवस आले. मोहित्यांची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन होत होती, आमच्या शाळेच्या दोन पाळ्या एक करत होते, आणि तेवढ्यात बिर्ला नगरच्या मंडळाचा हॉल पाडला. तेही हाच खेळ खेळायचे. त्यांच्यातले बाकीचे पांगले, विक्की भदौरिया एकटा उरला. मोबाइल दुरुस्त करतो, बोलतो हिंदी, खेळतो जीव तोडून. त्याला आम्ही सामील करून घेतलं.

काकू म्हणाल्या, “विलीनीकरण आम्हाला नवीन नाही हो. संस्थान विलीन झालं तेव्हा सासरे दरबारच्या देवस्थान कचेरीत होते. म्हणायचे, राज्य बदललं तरी चहा तोच शिपाई घेऊन आला. फक्त सलाम कोणाला ठोकायचा ते त्याला कळेना.”

आमचंही तेच झालं. आमच्याकडे किरकोळ मंत्र कितीही वेळा. विक्की म्हणाला, “हमारे यहाँ तो मंत्र मारो तो आदमी थकता था, सर. फालतू में कोई नहीं मारता था.” मला त्याला मिठी मारावीशी वाटली! पण जोगळेकरांनी समिती नेमली. मोहिते तिचे अध्यक्ष, कारण विलीनीकरणाचा ताजा अनुभव. त्यांनी निकाल दिला: मंत्र कितीही वेळा मारा, पण दर वेळी शब्द मोठ्याने म्हणायचे, म्हणजे तोंड तरी थकेल.

झालं! मोहिते खोटं संस्कृत बडबडू लागले. जोगळेकर डोळे मिटून गतीचे नियम म्हणू लागले. विक्कीची पाळी आली. शत्रूचे पाय जमिनीला चिकटवायचा त्याचा मंत्र होता. तो उभा राहिला, दोन्ही हात पुढे केले आणि गरजला:

“बस जरा, जेवून जा!”

मी म्हटलं, “अरे, हा कुठला मंत्र?”

“काकू का है, सर. पिछले संडे मुझपे मारा था. शाम तक उठ नहीं पाया!”

•

आता एक किस्सा राहिला.

मोहित्यांच्या बँकेच्या एकाच रस्त्यावर दोन शाखा झाल्या होत्या. त्यातली त्यांची बंद झाली आणि त्यांची बदली थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बालाघाटला लागली. त्या रविवारी त्यांनी ते चहा पिता पिता सांगितलं, जणू पाऊस पडेल म्हणावं तसं. गौरीने कप उचलून आत नेऊन ठेवले. एरवी ते काम ती कधी करत नाही.

मी म्हटलं, खेळू या. मोहित्यांचा शेवटचा रविवार आहे, दणक्यात होऊ दे. राक्षसांनी सगळ्यांना पकडलंय, प्रत्येक जण वेगळ्या कोठडीत, आणि भिंत फोडायचा मोठा मंत्र फक्त मोहित्यांकडे. यापेक्षा सोपं मी काय करू?

“मोहिते, पाळी तुमची.”

“कुजबूज,” मोहिते म्हणाले.

कुजबूज म्हणजे लांबच्या माणसाच्या कानात चार शब्द बोलायचे. दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही, आणि त्याने त्याच मंत्रावर उत्तर द्यायचं. आमच्या टेबलाचा नियम असा, की बोलणाऱ्याने खरोखर उठून त्याच्या कानाशी जायचं.

माझं डोकं सटकलं. “अहो, भिंत फोडा! इतकी वर्षं तो मंत्र राखून ठेवलाय, तो काय बालाघाटला नेणार? आज तरी मोठं काही करा!”

“नाही. कुजबूजच. डॉक्टरांना.”

“मारा!” मी म्हटलं. “जातानासुद्धा किरकोळच!”

मोहिते उठले. टेबलाला वळसा घालून गौरीच्या खुर्चीपाशी गेले, वाकले आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलले. चार शब्दांहून जास्त होते, पण मी अडवलं नाही. जोगळेकर छताकडे बघत होते. विक्की मला हळूच म्हणाला, “क्या बोल रहे हैं? भागने का प्लान है क्या?”

मोहिते सरळ झाले, पण जागेवर गेले नाहीत. तिथेच खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

गौरी हातातला फासा बोटांनी फिरवत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, याला उत्तर द्यायला फासा टाकावा लागतो?”

“नाही,” मी म्हटलं. “किरकोळ मंत्र आहे. फासा लागत नाही.”

तिने फासा टेबलावर ठेवून दिला.

“मग हो!”