जोडव्याखालचं दुखणं

भुताखेताच्या, चमत्काराच्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. इंजिनीअर माणूस, सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, राहायला चेन्नईत तांबरमला. गेल्या उन्हाळ्यात सुषमाला — माझ्या बायकोला — थंडी वाजून ताप भरला आणि ती थेट आयसीयूतच गेली. रक्तात जंतू पसरले होते, त्यात डायबिटीस. डॉक्टर म्हणाले, "औषध बरोबर चाललंय. पण जंतू कुठून येताहेत, तो सोर्स सापडला नाही तर नुसत्या औषधानं निभावणार नाही." छाती, पोट, लघवी, सगळं तपासून झालं. बीपी उतरतच होतं. मी पार हबकलो होतो.

बाहेर माझ्या शेजारी रावकाका बसायचे. तंजावरकडचे मराठी, मैलापूरला घर. काकूंनाही हाच आजार आणि त्यांचाही सोर्स सापडत नव्हता. काका सारखा उजव्या बरगडीखाली हात दाबून धरायचे. "ही आजारी पडली तेव्हापासून दुखतें पाहा. डॉक्टराला दाखविलों, काही नाही म्हणाला." मी मनात म्हटलं, कँटीनचं सांबार बाधलं असणार.

एका सकाळी माझ्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट ठणकायला लागलं. बूट काढून पाहिलं — काहीच नाही! पण कुणी तार आवळतंय असं वाटत होतं. लंगडतच सुषमाला भेटायला आत गेलो, आणि नजर तिच्या पायांवर गेली. ॲडमिट होताना ती हटून बसली होती, "जोडवी काढायची नाहीत." इथल्या बायकाही त्यांची मेट्टी, म्हणजे जोडवीच, काढू देत नाहीत, म्हणून नर्स वरून चिकटपट्टी लावून टाकतात. तशीच हिला लावली होती.

"सिस्टर, ती डावी पट्टी काढा," मी म्हटलं.

खाली बोट काळंनिळं, पू झालेला. डायबिटीसमुळे तिला ते कधी दुखलंच नसावं. जोडवं कापलं, आणि त्याच क्षणी माझा ठणका थांबला... तिला लगेच ऑपरेशनला नेलं.

मी धावत बाहेर आलो. काकांना सांगायचं होतं, तुम्हाला दुखतंय ती जागा डॉक्टरांना काकूंच्या अंगावर तपासायला सांगा. पण मी तोंड उघडायच्या आत काकाच हसून म्हणाले, "माझें दुखणें थांबलें पाहा, आत्ताच!"

तेवढ्यात सिस्टरनं दार उघडून त्यांना आत बोलावलं. काकू गेल्या होत्या.

सुषमा वाचली, एक बोट गेलं. हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही. आता माझं कुठे काही दुखलं की मी आधी तिला हाक मारतो. आणि ते आपोआप थांबलं, तर धावत जाऊन तिला बघतो.