आयोडीन धातू का नाही

अकरावीला बारामतीत सरांनी आयोडीनची बाटली वर्गात फिरवली. आत काळपट करडे खडे, घासलेल्या तव्यासारखे चकाकणारे. मी सणसरची, ऊसवाल्याची पोर. मनात आलं की विचारून मोकळी व्हायचे. "सर, ह्ये तर चमकतंय. मग धातू का न्हाय?"

"घेऊन जा घरी," सर म्हणाले. "बापाला म्हणावं, याचा कोयता करून घे."

वर्ग खदाखदा हसला. तास संपेपर्यंत मला उभं ठेवलं. पुढं बारावी होईपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. पण डूख धरला, आणि केमिस्ट्रीच घेतली.

आता इंदापूरला तोच विषय शिकवते. यंदा बारावीच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक म्हणून बारामतीच्या त्याच कॉलेजात गेले. सर निवृत्तीला आलेले, तेच इंटर्नल, म्हणजे कॉलेजचे परीक्षक. तोंडी परीक्षेत इंटर्नलनं एक्स्टर्नलच्या पाठीमागं उभं राहून पोरांना खुणेनं उत्तरं पुरवायची, ही आमच्यातली जुनी रीत. मीही करते.

एका मुलीला विचारलं, "हॅलोजनपैकी, म्हणजे आयोडीनच्या घराण्यातलं, कुणी धातूसारखं वागतं का?"

तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. "नाही, मॅडम."

मी वळले. सरांची मान अजून नकारार्थी हलत होती.

"उत्तर तुमचं आहे सर, तर तुम्हीच समजावून सांगा. हिचे मार्क मी कापत नाही."

"ते सिलॅबसला नाही हो, मॅडम."

सगळी बॅच बघत होती. मग मीच सांगितलं, अगदी सावकाश. फ्लोरीन, क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव. आयोडीन चमकतं, पण ठोकलं तर पत्रा होत नाही, चुरा होतो. वीजही जेमतेम वाहते. प्रचंड दाबाखाली मात्र तेच धातूसारखं वागतं. त्याच्या खालचं ॲस्टेटीन तर धातूच असावं असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पण ते इतक्या लवकर नासतं, की डोळ्यांना दिसेल एवढं कुणी जमवलेलं नाही.

"एखाद्या पोरीनं हे विचारलं तर काय म्हणायचं, सर?"

"चांगला प्रश्न आहे म्हणायचं," ते पुटपुटले.

"जरा मोठ्यानं."

ते मोठ्यानं म्हणाले. मला फार बरं वाटलं.

दुपारी एक्स्टर्नलसाठी जेवण होतं. वाढायला इंटर्नलच असतात. जिलेबी वाढता वाढता सर हळूच म्हणाले, "तुम्ही सणसरच्या ना? तेव्हा गंमत केली होती हो."

"व्हय सर," मी म्हणाले, "आजची बी गंमतच." आणि ताट पुन्हा पुढं केलं.